होजपाईप फुटला नाही, निसटला. टेस्ट कशी करायची?

रात्रपाळी – गुरु, रात्री ११:४०

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. परवा सेकंड शिफ्टला २०० टनी प्रेसचा होज बदलला. जुन्याच्या कव्हरवर फोड आला होता, म्हणून स्टोअरवाल्यानं दुपारीच गावातून नवा करून आणला होता. अर्धा इंची, दोन वायरचा, ईएन ८५३ या युरोपीय मानकातला २एसएन प्रकार. बसवला, दोन-तीन स्ट्रोक कोरडे मारले, मग प्रेशर २१० केजीला (जवळपास २१० बारच) नेलं. चौथ्या की पाचव्या स्ट्रोकला धाडकन आवाज झाला आणि वरची ट्यूबलाइट खाली आली. ऑपरेटर त्या मिनिटाला चहाचा कप ठेवायला मागं वळला होता म्हणून वाचला. मला अजून झोप नाही.

होज मधे कुठं फुटलाच नव्हता. निप्पल (पाईपच्या आत जाणारी नळी) आणि फेरूल (बाहेरून दाबलेली धातूची टोपी) मशीनच्या पोर्टला जसंच्या तसं, आणि पाईप तेवढा त्यातून निसटून सापासारखा नाचत होता. घरी येऊन हिशोब केला. अर्ध्या इंचाचं भोक, म्हणजे १२७ चौरस मिमीच्या आसपास क्षेत्रफळ. २१० बारला त्या टोकावर पावणेतीनशे किलोच्या जवळपास जोर येतो. तो सगळा भार त्या चिमटलेल्या फेरूलनं धरायचा.

आमच्याकडं टेस्ट म्हणजे मशीनलाच लावून बघायचं. आजवर कुणी वेगळं काही केलेलं मी पाहिलं नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "कर काय करायचं ते, पण बेंचला लाखभर मागू नकोस." तर नवा होज मशीनवर चढवायच्या आधी कसा तपासता? पाण्यावर का तेलावर? किती प्रेशरला? आणि मशीनवर आधीपासून जे चाळीसेक होज आहेत, त्यांचं काय करू?

---

पाना_एकोणीस – शुक्र, सकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडंही टेस्ट म्हणजे "लाव रे, बघू".

---

फेरूलवाला – शुक्र, सकाळी ९:०५

भोसरीत माझं होज क्रिम्पिंगचं, म्हणजे पाईपवर फिटिंग दाबून बसवायचं दुकान आहे, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो असं समजा.

दादा, निसटलेलं फेरूल टाकून दिलं नसेल तर आडवं कापून बघा. पाईप आत किती गेला होता ते मोजा. निसटण्याची कारणं मोजून तीन-चार असतात. पाईप फेरूलच्या तळापर्यंत ढकललेलाच नसतो. नाहीतर वरचं रबर सोलायचं फिटिंग असतं आणि पोरगा न सोलता दाबून मोकळा होतो, मग दात वायरला भिडतच नाहीत. किंवा होज एका कंपनीचा, फेरूल दुसऱ्याचं, आणि डाय (दाबायचा साचा) तिसऱ्याच्या तक्त्यावरून लावलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुनं फिटिंग कापून काढून त्यावर नवा पाईप. क्रिम्पचं फिटिंग एकदाच दाबायचं असतं. पण गिऱ्हाईक म्हणतं, "निप्पल चांगलं आहे की, तेच वापर."

आम्ही पाईप घालायच्या आधी त्यावर पांढऱ्या पेननं खूण करतो, फेरूलच्या खोलीइतकी. दाबल्यावर खूण फेरूलच्या काठाला दिसली पाहिजे. दाबून झालं की व्हर्नियरनं फेरूलचा बाहेरचा व्यास तीन जागी मोजून तक्त्याशी ताडायचा. एवढं केलं तरी निम्मी टेस्ट झाली.

आता टेस्टचं. दुकानात पंप आहे, धूळ खात पडलाय. कारण सांगतो. "टेस्ट करून देऊ का, अर्धा तास लागेल" म्हटलं की समोरचा म्हणतो, "गाडी उभी आहे बाहेर, पंधरा मिनिटांत दे." शंभरातले पाच जण टेस्ट मागतात, आणि ते पाचही जण एक्स्पोर्टवाले.

---

सेफ्टीताई – शुक्र, सकाळी १०:३०

@रात्रपाळी, सगळ्यात आधी त्या ऑपरेटरचा आणि तुमचा जबाब लिहून ठेवा, 'थोडक्यात वाचला' म्हणून. पुढं मालकांशी बोलताना कागद उपयोगी पडतो. दाबाखाली चालणाऱ्या कुठल्याही यंत्राचा सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची तजवीज करणं ही कारखानदाराची जबाबदारी, हे १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३१ मध्येच लिहिलं गेलं. म्हणजे लाखभर मागू नकोस म्हणायला तसे ते मोकळे नाहीत.

आकड्यांबद्दल. या होजना चारपटीचा हिशोब धरलेला असतो. अर्धा इंची २एसएन असेल तर कामाचा दाब २७५ बार, फुटण्याचा किमान दाब ११०० बार. तयार जोडणीची जी प्रूफ टेस्ट म्हणतात ती कामाच्या दुप्पट दाबाला, म्हणजे ५५० बारला, ३० ते ६० सेकंद. आयएसओ १४०२ मध्येही हीच वेळ दिली आहे. गळती नको, फुगवटा नको, फिटिंग जागचं हललेलं नको. फोडून बघायची टेस्ट वेगळी. तो नमुना नंतर भंगारात जातो, ती होज बनवणाऱ्यानं करायची.

एक मेख आहे. पाईपवर छापलेला आकडा बघून डोळे झाकून दुप्पट करू नका. जोडणीचा दाब म्हणजे पाईप आणि दोन्ही टोकांची फिटिंग यांतलं जे कमी असेल ते. पाईप २७५चा आणि एका टोकाचं फिटिंग २०० बारचं असेल तर जोडणी २००चीच, आणि टेस्ट ४००ला.

---

जॉबवर्कवाला – शुक्र, दुपारी १:२०

सगळं मान्य, पण मला यात अतिरेक वाटतो. बावीस वर्षं शॉप चालवतोय, एकही होज टेस्ट केला नाही. फुटले, बदलले. उलट दुप्पट दाब देऊन तुम्ही चांगला होज आतून खिळखिळा करता. माणसाला दुप्पट वजन उचलायला लावून मग कामावर घेतो का आपण?

आणि तपासायचंच असेल तर कंप्रेसरची हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुडा आला तर लीक. पंक्चरवाला करतो तसं. खर्च शून्य.

---

फेरूलवाला – शुक्र, दुपारी १:५०

साहेब, ७ बारच्या हवेनं बुडबुडा येतो तो फक्त ढिल्या नटाचा. पाईप फेरूलमध्ये अर्धा गेलाय हे ७ बारला कधीच कळणार नाही, तो गुपचूप बसून राहतो. रात्रपाळी दादांचा पाईपसुद्धा तुमच्या टाकीत पास झाला असता.

---

सेफ्टीताई – शुक्र, दुपारी २:१०

आणि कृपा करून "मग बाटल्यातला नायट्रोजन जास्त प्रेशरनं भरू" असं कुणी म्हणू नका, मी ते एका कारखान्यात डोळ्यांनी बघितलंय. पाणी ५५० बारला दोन-अडीच टक्केच आकसतं. दोन मीटरच्या अर्ध्या इंची होजमध्ये पाव लिटर पाणी बसतं. तो फुटला तर जरासं पाणी उडतं आणि दाब तिथंच संपतो. त्याच होजमध्ये त्याच दाबाची हवा असेल तर तिच्यात शेकडो पट ऊर्जा कोंडलेली असते, आणि ती सगळी एका क्षणात बाहेर येते. म्हणून टेस्ट पाण्यावर किंवा तेलावर, आणि आतली हवा पूर्ण काढूनच.

खिळखिळा होण्याचं म्हणाल, तर चारपटीच्या मालाला एकदा, एक मिनिट दुप्पट दाब म्हणजे अर्ध्या ताकदीवर उभं करणं. त्यानं नवा होज मरत नाही. २एसएनचा नमुना पास व्हायला कामाच्या १३३ टक्के दाबाचे दोन लाख ठोके खातो, तेही गरम तेलावर. तुमची शंका जुन्या होजबद्दल असती तर मी तुमच्या बाजूनं असते.

---

ऊसगाडी – शुक्र, संध्या. ६:४५

ताई, जुन्या होजचं जरा फोडून सांगा की. आमची ऊसतोडणी मशीन हाय. सीझन संपला की सहा महिने शेडला. ऑक्टोबरात बाहेर काढली की पयल्या आठवड्यात चार होज जातातच. पाचट घासून कव्हर जातंय, आन शेडमदी उंदीर कुरतडत्यात ते येगळंच. मेकॅनिक म्हणतोय सगळे काढून टेस्ट करून घालू. पास झाले तर सीझन निघंल का?

---

ऱ्हाईनकाठ – शुक्र, रात्री ९:३०

@ऊसगाडी, पास झाले तरी सीझनची खात्री नाही. मी जर्मनीत डुईसबुर्गजवळ एका रोलिंग मिलच्या देखभालीत आहे. इथे जुने होज टेस्ट करून परत लावत नाहीत, तारीख बघून काढून टाकतात. डिन २००६६ या मानकात साधा ठोकताळा दिलाय: तयार जोडणी सहा वर्षं, त्यात कपाटात पडून राहिलेली जास्तीत जास्त दोन वर्षं धरून. कडक वापर असेल तर त्याहून लवकर. आणि जोडणी करताना मूळ पाईप चार वर्षांहून जुना नको. पाईपवर तिमाही आणि साल छापलेलं असतं, '२क्यू२४' असं काहीतरी दिसेल. फिटिंगवर जोडणीचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं, म्हणजे असायला हवं.

कारण सांगतो. रबर वयानं कडक होतं, वायर आतून गंजते, घासलेल्या जागी पाणी शिरतं. आज पाण्यावर मिनिटभर टिकला म्हणून पुढच्या महिन्यात ९० अंशांच्या तेलावर, धक्क्यावर धक्के खात टिकेल, असं काही नाही. जुन्या होजची प्रेशर टेस्ट म्हणजे गाडीची पीयूसी. त्या दिवसापुरती.

उलट कधी कधी नुकसानच. अर्धमेल्या होजच्या राहिलेल्या दोन-चार वायरी टेस्टमध्ये तुटतात, तो तरीही पास होतो, आणि तुम्ही त्याला शिक्का मारून परत लावता.

---

ऊसगाडी – शुक्र, रात्री ९:५५

मंजे मेकॅनिकला सांगतो, कव्हर गेलेले सरळ नवे कर, आन टेस्ट नव्याची कर. उंदराला काय टेस्ट हाय का?

---

पाना_एकोणीस – शुक्र, रात्री १०:०२

मांजर. प्रूफ प्रेशर दोन वाट्या दूध.

---

सूक्ष्मटाका – शनि, सकाळी ८:२०

मी हाताची सर्जन आहे, होजमधलं मला कळत नाही. पण 'लीक कुठं आहे बघायला हात फिरवला' हे वाक्य ओपीडीत ऐकलेलं आहे, म्हणून लिहिते.

सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारं तेल डोळ्यांना दिसत नाही. कातडीत शिरायला १०० पीएसआय, म्हणजे जेमतेम ७ बार पुरतात असं मानलं जातं; तुम्ही इथं दोनशे-पाचशेच्या गोष्टी करताय. बहुतेक वेळा डाव्या हाताची तर्जनी असते, कारण उजव्या हातात पाना असतो. सुरुवातीला एक लाल ठिपका दिसतो, दुखत फारसं नाही. माणूस हळद लावून शिफ्ट पूर्ण करतो. आत मात्र तेल कंडऱ्यांच्या आवरणातून तळव्यापर्यंत गेलेलं असतं. रात्री हात सुजतो, सकाळी काळानिळा. बोट कापावं लागण्याची वेळ याच उशिरामुळे येते.

असं झालं तर वाट बघायची नाही, तासाभरात मोठ्या रुग्णालयात, आणि तिथं "प्रेशरचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. नुसतं "टोचलंय" म्हटलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. तेलाच्या डब्याचा फोटो सोबत ठेवा. हात उघडून धुवावा लागतो, गोळ्यांनी भागत नाही. गळती शोधायला पुठ्ठा किंवा लाकडाची फळी वापरा, आणि लांबून. हातमोजा चालत नाही, तेल त्यातूनही जातं.

---

जॉबवर्कवाला – शनि, सकाळी ९:००

डॉक्टर, अंगावर काटा आला. माझा एक हेल्पर हात फिरवूनच लीक शोधतो. आज पुठ्ठा देतो त्याला.

---

कोळसा_नि_धूर – शनि, सकाळी ११:४५

चंद्रपूरकडचा आहो, खाणीत डंपरवर. तुम्ही सगळे फटक्याचं बोलून राहिले, आगीचं कोणी काहून नाही बोलत बाप्पा? होजला बारीक भोक पडलं आणि तेलाचा फवारा गरम टर्बोवर गेला की डंपर पेटते. तिथं मोठा होज फुटला तर कळते तरी, तेल धो धो खाली पडते. बारीक भोकाचा फवाराच जास्त डेंजर. आमच्याकडं गरम भागाजवळच्या होजवर जाड स्लीव्ह घालतेत. त्याच्या आत फवारा दबते आणि तेल थेंबथेंब खाली येते.

---

शार्लटकर – शनि, संध्या. ७:३०

वरच्या प्रतिसादावरून राहवलं नाही. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहतो. इथून दीड-दोन तासांवर हॅम्लेट नावाचं लहान गाव आहे. ३ सप्टेंबर १९९१ला तिथल्या कोंबडीचे तुकडे तळणाऱ्या कारखान्यात आग लागून २५ माणसं मेली. ही घटना इथं बहुतेकांना आठवते ती कुलूपबंद दारांमुळे. बाहेर जायची दारं बंद होती आणि माणसं दाराशीच गुदमरली. आग विझवायचे पाण्याचे फवारे (स्प्रिंकलर) नव्हते, आणि अकरा वर्षांत सरकारी सुरक्षा तपासणी एकदाही झालेली नव्हती.

पण आगीची सुरुवात बघा. तळणीजवळच्या कन्व्हेयरचा हायड्रॉलिक होज गळत होता म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी नवा लावला. तो लांब झाला, जमिनीवर लोळायला लागला, पायात येईल म्हणून तो कापून आखूड केला आणि टोकाचं फिटिंग पुन्हा चढवलं. मग प्रेशर दिलं. निदान ८०० पीएसआय, म्हणजे ५५ बार. होज त्या फिटिंगमधून निसटला. तेलाचा फवारा थेट तळणीच्या गॅस बर्नरवर. बर्नर चालूच होते.

रात्रपाळी, तुमची पहिली पोस्ट वाचताना मला हेच आठवत होतं. तुमच्याकडे ट्यूबलाइट होती, तिथं बर्नर होता.

---

रात्रपाळी – रवि, दुपारी १२:१०

सगळ्यांचे आभार. शार्लटकर, तुमचा प्रतिसाद छापून मालकांच्या टेबलावर ठेवला. वाचला, काही बोलले नाहीत, तासाभरानं खाली शॉपमध्ये येऊन म्हणाले, "काय काय लागतंय?"

फेरूल कापलं. फेरूलवाले साहेब, तुमचं तंतोतंत. पाईप आत दोन-तृतीयांशच गेला होता. दाबलेले दात पुढच्या भागात नुसते हवेत.

आता बेंचसाठी मनात असं आहे: हाताचा टेस्ट पंप, १००० बारचं गेज, आणि जुन्या डायच्या प्लेटा जोडून पेटी. काय चुकतंय ते सांगा.

---

सेफ्टीताई – रवि, दुपारी १:४०

पेटीला बिजागरीचं झाकण आणि कडी हवी, नुसतं वर ठेवलेलं नको. बघायला फट ठेवलीत तर त्यात जाड पॉलिकार्बोनेट, साधी काच किंवा ॲक्रिलिक नाही. पंप आणि गेज पेटीच्या बाहेर, बाजूला. पाईपच्या टोकाच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. दोन्ही टोकं आतच साखळीनं बांधा. टेस्टमध्ये अर्धा इंची टोक सुटलं तर सातशे किलोचा जोर असतो.

पाणी खालच्या टोकानं भरा, वरचं टोक उंच धरून हवा जाऊ द्या, बुडबुडे थांबले की मगच बंद प्लग आवळा. पंप मारला आणि काटा स्पंजसारखा सावकाश चढत असेल तर आत अजून हवा आहे, दाब सोडा आणि परत भरा. फेरूलच्या काठाला पाईपवर मार्करची रेघ मारा. टेस्टनंतर रेघ आणि काठ यांत केसभर फट दिसली तरी नापास. दाबाखाली असताना नट आवळायला पाना लावायचा नाही, हे पेटीवर रंगवून घ्या. झाकण उघडायच्या आधी काटा शून्यावर.

---

फेरूलवाला – रवि, दुपारी २:२५

टेस्टनंतर पाणी हवेनं फुंकून काढा आणि दोन्ही टोकांना लगेच टोप्या घाला. नाहीतर टेस्ट पास आणि महिन्यात व्हॉल्व्ह गंजून जाम. अजून एक: पाईप कापताना आत रबराचा आणि वायरचा भुगा जातो, तो टेस्टच्या आधीच फोमची गोळी मारून काढायचा. आम्हा दुकानदारांचं हे पाप कुणी मोजतच नाही.

---

जॉबवर्कवाला – रवि, दुपारी ३:१५

एक प्रामाणिक प्रश्न, वाकड्यात जाऊन नाही. माझा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडून तेल सोडणारा) २१०ला सेट, होज २७५चा. मग इतकी मोकळीक असताना होज फुटतातच कशाने?

---

ऱ्हाईनकाठ – रवि, संध्या. ५:३०

प्रेस अडखळते किंवा व्हॉल्व्ह झटक्यानं बंद होतो, तेव्हा दाबाची जी उसळी येते ती काट्याच्या गेजला दिसतच नाही. रिलीफ व्हॉल्व्ह उघडायच्या आत ती येऊन गेलेली असते. त्यात होज नटाच्या तोंडाशीच वाकवलेला असेल तर तिथल्या वायरींवर सगळा भार. अर्धा इंची २एसएनला वाकण्याची त्रिज्या किमान १८० मिमी ठेवायची. मी भारतात असताना बघितलेले निम्मे होज नारळाच्या दोरीसारखे वळवलेले होते.

---

रात्रपाळी – पुढचा शनि, रात्री १०:५०

अपडेट. पेटी झाली. पंप आणि गेज विकत, बाकी सगळं भंगारातून. बंद प्लगांचे आटे जमवण्यातच दोन दिवस गेले. एक मेट्रिक, एक बीएसपी, एक जेआयसी. आमच्या एकाच मशीनवर तीन देश नांदताहेत हे तेव्हा कळलं.

आधी स्टोअरमधले नवे चौदा होज घेतले. तेरा पास. चौदावा ४०० बारच्या आसपास रेघेपासून चार मिमी सरकला, आवाज नाही, काही नाही. गुपचूप. तोही त्याच दुकानातला, त्याच आठवड्यातला. दुकानदाराला बोलावून दाखवला. आधी म्हणाला, तुमचा पंप जास्त दाखवतोय. मग कापून बघितल्यावर गप्प बसला. त्याचा पोरगा नवीन होता म्हणे. आता खोलीची खूण करून द्यायचं कबूल केलंय.

मशीनवरचे चाळीस टेस्ट केले नाहीत. तारखा वाचल्या. अकरांवर तारीखच वाचता येत नव्हती, ते आणि सात वर्षांवरचे नऊ, असे वीस काढले. बाकीच्यांना नंबरचे पत्रे लावले.

ऑपरेटरचा चहाचा कप आता मशीनच्या मागच्या कट्ट्यावरच असतो. पुढं आणून ठेवायला तयार नाही.

---

ऊसगाडी – रवि, सकाळी ६:३०

दादा, पेटीचा फोटू टाका की. माप बी सांगा. आमच्या होजची लांबी तीन मीटरच्या वर हाय, सरळ बसंल का गुंडाळून घालू?

---

रात्रपाळी – रवि, सकाळी ८:०५

गुंडाळून चालेल, पण वळण मोठं ठेवा, दाब आला की होज सरळ व्हायला बघतो आणि पेटीला लाथ मारतो. पेटी चार फूट बाय दोन. फोटो दुपारी टाकतो, आत्ता पावसानं शेडमध्ये लाईट नाही.